विंडोज ११ चं अपग्रेड मध्येच अडकलं? फॉरमॅट मारायच्या आधी हे करा

अपग्रेड फसलेला संगणक दुकानात नेला की बहुतेक ठिकाणी एकच उत्तर मिळतं: "विंडोज मारून देतो, संध्याकाळी घेऊन जा." काम होतंही. पण आपल्याकडे घरोघरी सगळं सी ड्राइव्हवरच असतं. डेस्कटॉपवर लग्नाचे फोटो, डॉक्युमेंट्समध्ये सातबारा आणि फेरफारांचे स्कॅन, डाउनलोड्समध्ये पीक विम्याच्या पावत्या, कुठेतरी टॅलीचा हिशोब. फॉरमॅट मारलं की हे सगळं जातं. एसएसडीवरून (फिरणारी तबकडी नसलेल्या नव्या, वेगवान डिस्कवरून) गेलेलं तर बहुधा परत मिळतच नाही.

खरं म्हणजे अपग्रेड फसतं तेव्हा फायली सहसा जागेवरच असतात. बिघडलेली असते ती विंडोज सुरू होण्याची वाट. म्हणून क्रम असा ठेवा: आधी थांबून बघायचं, मग डेटा बाहेर काढायचा, मग जुनी विंडोज परत आणायचा प्रयत्न करायचा. नवी विंडोज टाकणं सगळ्यात शेवटी.

ते खरंच अडकलं आहे का?

अपग्रेडमध्ये संगणक तीन-चार वेळा आपोआप रीस्टार्ट होतो आणि एकाच टक्क्यावर बराच वेळ बसून राहतो. जुन्या हार्ड डिस्कच्या संगणकावर तीन-चार तास लागणं नवलाचं नाही. कॅबिनेटवरचा हार्ड डिस्कचा छोटा दिवा लुकलुकत असेल तर काम चालू आहे, हात लावू नका. दिवा दोन-तीन तास पूर्ण मेलेला आणि पडद्यावरचे फिरणारे ठिपकेही गोठलेले असतील, तरच ते अडकलं असं समजा.

पडदा काळा आहे पण पंखा चालू आहे, असं असेल तर विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी या चार कळा एकदम दाबा. ग्राफिक्स ड्रायव्हर (पडद्यावर चित्र आणणारा छोटा प्रोग्राम) नव्याने सुरू होतो आणि कधी कधी एवढ्यावरच चित्र येतं. काळ्या पडद्यावर माउसचा बाण दिसत असेल तर कंट्रोल, शिफ्ट, एस्केप दाबून टास्क मॅनेजर उघडा आणि 'रन न्यू टास्क'मध्ये एक्सप्लोरर लिहून एंटर करा.

पडद्यावर 'अनडूइंग चेंजेस' किंवा 'रिस्टोअरिंग युअर प्रीव्हियस व्हर्जन' असं काही दिसत असेल तर मात्र विजेचं बटण अजिबात दाबू नका. विंडोज स्वतःच जुन्या जागी परत चाललेली असते. या टप्प्यावर बंद केलेला संगणक धड दहाही राहत नाही आणि धड अकराही.

आधी वीज

मराठवाड्यात अपग्रेड मध्येच तुटण्याची एक सरळ वाट म्हणजे लाईट. उन्हाळ्यात ट्रान्सफॉर्मरवर भार येतो. शेतवस्तीवर थ्री फेज आली की सगळ्या मोटारी एकदम सुरू होतात आणि व्होल्टेज बसतं. दिवा मंद झाला एवढंच आपल्याला दिसतं, पण एसएमपीएस (कॅबिनेटमधला वीज पुरवणारा डबा) तेवढ्यात संगणक बंद करतो. दुरुस्ती चालू असताना हेच पुन्हा झालं तर जे वाचलं होतं तेही जाईल.

६०० व्हीएचा छोटा यूपीएस नवा असला तरी डेस्कटॉपला साधारण दहा-पंधरा मिनिटं देतो. तेवढ्यात संगणक नीट बंद करता येतो, अपग्रेड पुरं होत नाही. आतली १२ व्होल्ट ७ एएचची बॅटरी दोन-तीन वर्षं जुनी असेल तर तेवढाही भरवसा नाही. घरच्या इन्व्हर्टरवर संगणक जोडणार असाल तर मागचं बटण 'यूपीएस' मोडवर आहे ना ते बघा. दुसऱ्या मोडमध्ये लाईट गेल्यावर इन्व्हर्टर सुरू व्हायला जो क्षण लागतो, तेवढ्यात संगणक रीस्टार्ट होतो. इन्व्हर्टर साइन वेव्ह असलेला बरा. लॅपटॉप असेल तर चार्जर लावून, बॅटरी निम्म्याच्या वर असतानाच पुढचं काम करा. एप्रिल-मेमध्ये दुपारच्या उन्हात हे काम काढू नका, रात्री किंवा पहाटे करा. धुळीने भरलेला पंखा आणि बाहेरचं ४२ अंश तापमान एकत्र आलं की प्रोसेसर तापून संगणक आपणहून बंद पडतो.

आता प्रिंटर, वायफाय डोंगल, बायोमेट्रिक मशीन, डिजिटल सहीचं टोकन, मेमरी कार्ड हे सगळं काढून टाका. फक्त कीबोर्ड, माउस आणि मॉनिटर ठेवा.

विंडोज दिसायच्या आधीच अडतंय?

'नो बूटेबल डिव्हाइस' असा संदेश आला किंवा निळ्या पडद्यावर 'इनअ‍ॅक्सेसिबल बूट डिव्हाइस' असं आलं, तर विंडोजला दोष द्यायच्या आधी बायोस (मदरबोर्डवरचा, विंडोजच्याही आधी चालणारा प्रोग्राम) बघा. दोन कारणं वारंवार सापडतात.

पहिलं असं. विंडोज ११ ला यूईएफआय (संगणक सुरू करायची नवी पद्धत) आणि सिक्युअर बूट (सुरू होताना खात्रीचंच सॉफ्टवेअर चालू देणारी सेटिंग) लागतं असं वाचून कोणीतरी बायोसमध्ये लेगसी, म्हणजे जुनी पद्धत, काढून यूईएफआय केलेलं असतं. पण डिस्कची विभागणी जुन्या एमबीआर पद्धतीची असेल तर यूईएफआयला तिच्यावर बूटची फाइल सापडतच नाही. उपाय एका मिनिटाचा: बायोसमध्ये बूट मोड पुन्हा लेगसी किंवा सीएसएम करा. जुनी विंडोज होती तशी उघडते. डिस्क एमबीआरवरून नव्या जीपीटी पद्धतीची करायला विंडोजमध्येच 'एमबीआरटूजीपीटी' नावाची सोय आहे. आधी ती चालवायची, मग मोड बदलायचा. क्रम उलटा झाला की हाच संदेश येतो.

दुसरं कारण मदरबोर्डवरच्या सीआर२०३२ या गोल सेलचं. तो संपला असेल तर लाईट गेल्यावर बायोस मूळ सेटिंगवर जातं. संगणकाची तारीख मागे गेलेली दिसली तर संशय इथेच घ्या. साटाचा, म्हणजे डिस्कच्या जोडणीचा, मोड एएचसीआय होता तो आयडीई किंवा रेड झाला की विंडोजला स्वतःची डिस्क ओळखता येत नाही. सेल बदला, मोड पूर्ववत करा. सेल घड्याळाच्या दुकानातही मिळतो. बदलताना वीज पूर्ण काढा आणि प्लसची बाजू वर ठेवा.

डेटा बाहेर काढणं

हा टप्पा कोणी कितीही घाई केली तरी गाळू नका. रस्ते तीन आहेत.

एक: विंडोजच्या दुरुस्तीच्या पडद्यातून. संगणक चालू करा, लोगोखाली ठिपके फिरू लागले की पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून बंद करा. असं दोन-तीनदा केलं की पुढच्या वेळी 'प्रिपेअरिंग ऑटोमॅटिक रिपेअर' असं येतं आणि निळा मेनू उघडतो. त्यात ट्रबलशूट, मग अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स, मग कमांड प्रॉम्प्ट. काळ्या खिडकीत नोटपॅड असं इंग्रजीत टाइप करून एंटर करा. नोटपॅडमध्ये फाइल, ओपन, आणि खाली 'टेक्स्ट फाइल्स'च्या जागी 'ऑल फाइल्स' निवडा. ही खिडकी छोट्या एक्सप्लोररसारखी वापरता येते. यूझर्स फोल्डरमधलं आपल्या नावाचं फोल्डर शोधा, हवं ते फोल्डर उजव्या क्लिकने कॉपी करा आणि बाहेरच्या डिस्कवर पेस्ट करा. कॉपी किती झाली हे इथे दिसत नाही. खिडकी गोठल्यासारखी वाटते, पण काम चालू असतं. म्हणून एका वेळी एकेक फोल्डर घ्या. ड्राइव्हची अक्षरं इथे बदललेली असू शकतात, नेहमीचा सी इथे डी म्हणून दिसेल. अक्षरावर जाऊ नका, आतले फोल्डर बघून ओळखा.

दोन: लिनक्स मिंटचा (विंडोजऐवजी चालणाऱ्या, फुकट मिळणाऱ्या प्रणालीचा) पेनड्राइव्ह लावून. दुसऱ्या संगणकावर तो तयार करा, त्यावरून बूट करा, इन्स्टॉलच्या चिन्हाला हात न लावता थेट फाइल मॅनेजर उघडा. कॉपी होताना दिसते, म्हणून नवख्याला ही वाट सोपी पडते. विंडोजचा ड्राइव्ह 'फक्त वाचता येतो' असं आलं तर घाबरू नका. फास्ट स्टार्टअपमुळे (विंडोज पूर्ण बंद न होता अर्धवट झोपते, त्यामुळे) तसं होतं आणि आपल्याला फक्त वाचायचंच आहे.

तीन: डिस्क काढून साटा-टू-यूएसबी केबलने दुसऱ्या संगणकाला जोडणं. अडीच इंची एसएसडी यूएसबीच्या विजेवर चालते. साडेतीन इंची हार्ड डिस्कला १२ व्होल्टचा वेगळा अ‍ॅडॉप्टर लागतो, नुसत्या केबलवर ती फिरणार नाही.

हार्ड डिस्कमधून टक-टक आवाज येत असेल तर इथेच थांबा. अशा डिस्कवर चेकडिस्क (विंडोजची डिस्क तपासायची सोय) चालवू नका, दुरुस्तीचे प्रयोगही करू नका. प्रत्येक फेरीला ती आणखी मरते. आधी सगळ्यात महत्त्वाचं फोल्डर काढून घ्या, बाकीचं नंतर.

मध्येच पडद्यावर ४८ आकडी बिटलॉकर रिकव्हरी की मागितली, तर डिस्क एन्क्रिप्ट केलेली, म्हणजे कुलूपबंद, आहे आणि त्या कीशिवाय कोणीही, दुकानदारही, आत जाऊ शकत नाही. टीपीएम (संगणकातली सुरक्षेची चिप) किंवा सिक्युअर बूटची सेटिंग बदलली की हा पडदा येतो, म्हणून आधी ती सेटिंग परत फिरवून बघा. नाहीतर मोबाइलवर मायक्रोसॉफ्टच्या खात्यात साइन इन करा, डिव्हाइसेसमध्ये आपला संगणक निवडा, तिथे की मिळते. पडद्यावरच्या की आयडीची पहिली आठ अक्षरं जुळवून घ्या. आपल्याकडे नवा लॅपटॉप पुष्कळदा विक्रेता किंवा पुण्यात शिकणारा पुतण्या स्वतःच्या खात्याने सुरू करून देतो. मग की त्याच्या खात्यात असते. त्याला फोन करा, पण फॉरमॅटला होकार देऊ नका.

जुनी विंडोज परत आणणं

अपग्रेड पुरं झालं पण चालत नाही, असं असेल तर परतीची वाट १० दिवस उघडी असते. या काळात जुनी विंडोज सी ड्राइव्हवर विंडोज डॉट ओल्ड या फोल्डरमध्ये ठेवलेली असते. जागा मोकळी करायला म्हणून ते फोल्डर डिस्क क्लीनअपने उडवलं तर वाट बंद.

विंडोज उघडत असेल तर सेटिंग्ज, सिस्टिम, रिकव्हरी, गो बॅक. उघडत नसेल तर त्याच निळ्या मेनूत अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्समध्ये 'अनइन्स्टॉल अपडेट्स' घ्या आणि 'लेटेस्ट फीचर अपडेट' निवडा. शेजारचा 'क्वालिटी अपडेट' हा महिन्याच्या छोट्या अपडेटसाठी असतो. अपग्रेड नव्हे तर साधं अपडेट फसलं असेल तेव्हा तो निवडा. दोन्ही चालले नाहीत तर स्टार्टअप रिपेअर, मग सिस्टिम रिस्टोअर, या क्रमाने जा. स्टार्टअप रिपेअर एकदा चालवून निष्फळ ठरलं तर तेच पुन्हा पुन्हा चालवण्यात वेळ घालवू नका.

ड्रायव्हरमुळे अडत असेल तर स्टार्टअप सेटिंग्जमधून रीस्टार्ट करून ४ दाबा. सेफ मोड (मोजक्या ड्रायव्हरवर चालणारी विंडोज) उघडतो. डिव्हाइस मॅनेजरमध्ये ग्राफिक्सचा ड्रायव्हर काढा, जुना अँटिव्हायरस असेल तर तोही काढा.

एवढं होऊनही लोगोच्या पुढे जात नसेल तर कमांड प्रॉम्प्ट. खालच्या कमांड उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत, टाइप इंग्रजीत करायच्या. मोकळ्या जागा जशा आहेत तशाच ठेवा. विंडोज कोणत्या अक्षरावर आहे ते आधी पक्कं करा. इथे सी धरलं आहे.

अर्धवट अपडेट मागे घ्यायला: डीआयएसएम /इमेज:सी:\ /क्लीनअप-इमेज /रिव्हर्टपेंडिंगअ‍ॅक्शन्स. यात डीआयएसएम ही चार इंग्रजी अक्षरं, क्लीनअपनंतर आडवी रेघ, आणि शेवटचे तीन शब्द जोडून लिहायचे.

तुटलेल्या फायली दुरुस्त करायला: एसएफसी /स्कॅननाऊ /ऑफबूटडिर=सी:\ /ऑफविनडिर=सी:\विंडोज.

बूटच्या फायली नव्याने लिहायला, संगणक यूईएफआयचा असेल तर: डिस्कपार्ट उघडा, लिस्ट व्हॉल्यूम द्या. १०० ते २६० एमबीचा, एफएटी३२ लिहिलेला छोटा व्हॉल्यूम शोधा. सिलेक्ट व्हॉल्यूम आणि त्याचा क्रमांक, मग असाइन लेटर=एस, मग एक्झिट. त्यानंतर बीसीडीबूट सी:\विंडोज /एस एस: /एफ यूईएफआय. फायली तयार झाल्याचा संदेश आला की, पेनड्राइव्ह लावलेला असेल तर तो काढून, रीस्टार्ट करा. डिस्कपार्टमध्ये क्लीन आणि फॉरमॅट हे शब्द चुकूनही टाइप करू नका. तिथे 'खरंच पुसू का' असं कोणी विचारत नाही.

इंटरनेटवर बूटरेक फिक्सबूट ही कमांड सगळीकडे दिसते. यूईएफआयच्या संगणकावर ती पुष्कळदा 'अ‍ॅक्सेस इज डिनाइड' म्हणते. तिथे अडून बसू नका, वरची बीसीडीबूट तेच काम नीट करते.

नवी विंडोज टाकायचीच झाली तर

डेटा बाहेर आहे, कॉपी उघडूनही बघितली आहे, मगच इथे या. निदान आठ जीबीचा पेनड्राइव्ह लागतो आणि त्यावरचं सगळं पुसलं जातं. दुसऱ्या संगणकावर मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून मीडिया क्रिएशन टूल घ्या. डाउनलोड पाच जीबीच्या वर असतं. रोजचा दीड किंवा दोन जीबीचा मोबाइल पॅक त्याला पुरत नाही. डेटा संपून वेग ६४ केबीपीएसवर आला तर हेच डाउनलोड आठवडाभर चालेल. ज्यांच्याकडे ब्रॉडबँड आहे त्यांच्याकडे किंवा सेवा केंद्रावर विचारून पेनड्राइव्ह करून आणा.

बूट मेनूची कळ कंपनीप्रमाणे वेगळी. डेल, लेनोवो, गिगाबाइट आणि एसर एफ१२, एचपी एफ९, एमएसआय एफ११, असूसचा मदरबोर्ड एफ८ आणि लॅपटॉप एस्केप. एसरमध्ये एफ१२ चालत नसेल तर बायोसमध्ये 'एफ१२ बूट मेनू' बंद असतो, तो चालू करा.

पार्टिशनच्या पडद्यावर डी ड्राइव्हला हात लावू नका. आकार बघून ओळखा, नावं इथे फसवतात. डिस्कच दिसत नसेल आणि प्रोसेसर इंटेलच्या अकराव्या पिढीचा किंवा पुढचा असेल तर बहुधा व्हीएमडी (इंटेलची डिस्क हाताळायची सोय) चालू आहे. कंपनीच्या साइटवरून इंटेल रॅपिड स्टोरेजचा ड्रायव्हर काढून, झिप उघडून, पेनड्राइव्हवर ठेवा आणि 'लोड ड्रायव्हर'मधून दाखवा. प्रॉडक्ट की मागितली तर 'आय डोन्ट हॅव' निवडा. आधीची विंडोज अ‍ॅक्टिव्हेट असेल आणि तीच आवृत्ती, होम असेल तर होम आणि प्रो असेल तर प्रो, टाकली तर इंटरनेट जोडल्यावर ती आपोआप अ‍ॅक्टिव्हेट होते.

मराठी टायपिंगचं काम असेल तर श्रीलिपी किंवा आयएसएमचे जुने फाँट आधीच्या विंडोजच्या फाँट्स फोल्डरमधून डेटाबरोबर काढून ठेवा. ते नसतील तर जुनी पत्रं, प्रश्नपत्रिका, पत्रिका सगळ्या निरर्थक चिन्हांत दिसतील.

पुन्हा अपग्रेड करायच्या आधी

पहिल्यांदा कशामुळे फसलं ते कळल्याशिवाय दुसरा प्रयत्न करू नका. एरर कोड त्याची दिशा दाखवतो. ०एक्ससी१९००१०१ ने सुरू होणारा कोड म्हणजे जवळजवळ नेहमी ड्रायव्हर: ग्राफिक्स, वायफाय आणि स्टोरेजचे ड्रायव्हर कंपनीच्या साइटवरून घ्या, बायोसही अद्ययावत करा. ०एक्स८००७००७० म्हणजे जागा कमी: सी ड्राइव्हवर ३० जीबी तरी मोकळे ठेवा. ०एक्ससी१९००२०८ म्हणजे एखादं न जुळणारं सॉफ्टवेअर आडवं आलंय. ०एक्ससी१९००२०० म्हणजे संगणकच पात्र नाही.

पात्रता अशी: टीपीएम २.०, सिक्युअर बूट, ४ जीबी रॅम, ६४ जीबीची डिस्क, आणि साधारणपणे इंटेलची आठवी पिढी किंवा एएमडीचे रायझन २००० आणि पुढचे प्रोसेसर. पेनड्राइव्हमध्ये फेरफार करून ही तपासणी चुकवता येते. घरच्या एकुलत्या एक संगणकावर ते करू नका, पुढचं मोठं अपडेट पुन्हा अडतं. कोअर टू ड्युओच्या काळातल्या संगणकावर तर विंडोज ११ ची २४एच२ आवृत्ती बूटच होत नाही, कारण तिला लागणाऱ्या काही आज्ञा (इन्स्ट्रक्शन) त्या प्रोसेसरमध्ये नाहीत.

असा संगणक विंडोज १० वरच ठेवा. तिचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, पण २२एच२ आवृत्ती असेल तर वाढीव सुरक्षा अपडेटची योजना १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत आहे. विंडोज अपडेटच्या पानावर नावनोंदणी करता येते. मायक्रोसॉफ्ट खात्याशी सेटिंग्जचा बॅकअप जोडला तर त्याला पैसे लागत नाहीत.

पात्र संगणकावर अपग्रेड नीट झालं तर पहिल्याच दिवशी प्रिंटर, स्कॅनर, डिजिटल सहीचं टोकन आणि टॅली चालवून बघा. १० दिवसांत सगळं तपासून होणार नसेल तर कमांड प्रॉम्प्ट अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडून डीआयएसएम /ऑनलाइन /सेट-ओएसअनइन्स्टॉलविंडो /व्हॅल्यू:६० ही कमांड इंग्रजी अक्षरांत आणि इंग्रजी आकड्यांत द्या. परतीची मुदत ६० दिवस होते. विंडोज डॉट ओल्डला तोवर हात लावू नका.